चेंडू चालतो, कप चालत नाही! मैदानावर जात कशी शिकवली जाते आणि ती कशी मोडायची?

एप्रिल महिना आला की घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरापासून मुलुंड, भांडुप, विक्रोळीपर्यंत आणि तिकडे अंधेरी, मालाड, बोरिवलीपर्यंत उपनगरातल्या आपल्या वस्त्यांमध्ये जयंतीची तयारी सुरू होते. निळे झेंडे, रोषणाई, व्याख्याने, मिरवणूक आणि त्यासोबत क्रीडा स्पर्धा. टेनिस बॉल क्रिकेट, बॉक्स क्रिकेट, कबड्डी, कॅरम. चषकावर बाबासाहेबांचे नाव, बॅनरवर बाबासाहेबांचा फोटो, उद्घाटनाला नारळाऐवजी पुष्पहार आणि त्रिशरण-पंचशील. मग टॉस होतो आणि सामना सुरू होतो.

सामना सुरू झाल्यावर मैदानात काय बोलले जाते, हे मात्र आपण कान देऊन ऐकत नाही. झेल सुटला की आईबहिणीवरून शिवी. काळ्या रंगाच्या मुलाला 'काळ्या', ईशान्येकडून आलेल्या मुलाला 'चिंकी', उत्तर भारतीयाला 'भैया'. आणि एखाद्या बाहेरच्या संघासोबत खेळताना जातीवरून टोमणा आला, तर दोनच गोष्टी होतात. एक तर हाणामारी, नाहीतर 'जाऊ दे यार, गेम आहे' म्हणून गप्प बसणे. तिसरा मार्ग आपल्या मुलांना कुणी शिकवलेलाच नाही.

खेळामुळे भेदभाव आपोआप संपतो, मैदानावर सगळे समान असतात, असे आपल्याला लहानपणापासून सांगितले जाते. हे खरे नाही. खेळ हे फक्त साधन आहे. त्यातून समता शिकवता येते आणि विषमताही तितक्याच सफाईने शिकवता येते. जगात अनेक ठिकाणी वंशद्वेषाविरुद्धचे शिक्षण देण्यासाठी खेळाचा विचारपूर्वक वापर झाला आहे. आपल्याकडे जातीविरुद्ध तसा वापर का होत नाही आणि तो आपल्या वस्तीतून कसा सुरू करता येईल, याचा विचार या लेखात करायचा आहे.

पळवणकर बाळू: चेंडू चालला, कप चालला नाही

सुरुवात आपल्याच मुंबईपासून करू. पळवणकर बाळू हे नाव आज किती तरुणांना माहीत आहे? 1876 साली धारवाडला एका चर्मकार कुटुंबात जन्मलेले बाळू हे भारतातले पहिले मोठे फिरकी गोलंदाज. वडील सैन्यात नोकरीला होते. बाळूंनी सुरुवातीला पुण्यात पारशांच्या क्रिकेट मैदानावर मजुरी केली. पुढे ते युरोपियनांच्या पूना क्लबवर कामाला लागले. खेळपट्टी तयार करायची, जाळी बांधायची आणि साहेब लोकांना सरावासाठी तासन्तास गोलंदाजी करायची, हे त्यांचे काम. फलंदाजी करायला त्यांना कुणी बोलावत नसे. बॅट हा साहेबांचा मान होता आणि चेंडू टाकणे हे नोकराचे काम होते.

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळू हवे होते. तेव्हा ज्यांच्या सावलीचा विटाळ होत असे, त्या माणसाला संघात घेतले गेले. रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासात हा सगळा काळ तपशिलाने मांडला आहे. मैदानात बाळूंनी हाताळलेला चेंडू सवर्ण खेळाडू हाताळत होते, त्या चेंडूचा विटाळ होत नव्हता. पण चहाची वेळ झाली की सहकाऱ्यांना पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपात चहा मिळे आणि बाळूंना बाहेर, वापरून फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात. जेवायलाही वेगळे बसावे लागे.

हा प्रसंग प्रत्येक क्रीडा शिक्षकाने मुलांना सांगायला हवा. कारण एकत्र खेळणे आणि समान असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून एका क्षणात कळते. जातीला तुमचे कौशल्य वापरायला अडचण नसते. तिला अडचण असते ती तुम्ही बरोबरीने बसण्याची, आणि त्याहून जास्त, तुम्ही नेतृत्व करण्याची.

पुढे विटाळाचे नियम काही प्रमाणात सैल झाले. 1906 साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना हरवले, त्या विजयात बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम यांचा वाटा होता. तोपर्यंत त्यांना जिमखान्यात सहकाऱ्यांसोबत जेवायला बसता येऊ लागले होते. 1911 साली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा बाळूंनी त्या दौऱ्यात एकूण 114 बळी घेतले. ते परत आल्यावर मुंबईतल्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला आणि त्या सत्काराशी तरुण भीमराव आंबेडकरांचा संबंध होता, अशी नोंद गुहा करतात. आपल्या समाजातला एक माणूस साहेबांच्या देशात जाऊन साहेबांना बाद करून आला होता. त्या काळात याचा अर्थ काय असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

पण कर्णधारपद? ते बाळूंना कधीच मिळाले नाही. 1913 साली एम. डी. पै हे कर्णधार झाले, तेव्हा हा मान बाळूंना मिळायला हवा होता, असे खुद्द पै यांनी जाहीरपणे सांगितले. 1920 साली पै आजारी असताना कर्णधारपद बाळूंचे बंधू विठ्ठल यांना डावलून दि. ब. देवधर यांच्याकडे देण्यात आले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि आपल्यावरचा अन्याय जाहीर निवेदनातून लोकांपुढे मांडला. या घटनेची मोठी चर्चा झाली. अखेर 1923 साली विठ्ठल हे हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने युरोपियनांना हरवले.

लक्षात घ्या, बाळूंनी दोन दशके बळी घेतले तरी कर्णधारपद चालून आले नाही. भावांनी बहिष्कार टाकला आणि जाहीर जाब विचारला, त्यानंतर दार उघडले. गुणवत्तेसोबत संघर्षही लागला. 'मेहनत करा, जात आपोआप मागे पडेल' असा उपदेश करणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा.

बाळू आणि बाबासाहेब

बाळूंची गोष्ट इथे संपत नाही आणि आंबेडकरी तरुणांनी तिचा पुढचा भागही टाळू नये. 1932 च्या पुणे करारावर बाळूंची सही आहे. 1935 साली येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, ती बाळूंना पटली नाही. 1937 साली मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने बाबासाहेबांच्या विरोधात उमेदवार म्हणून बाळूंनाच उभे केले. बाबासाहेबांना 13,245 मते मिळाली, बाळूंना 11,225. बाबासाहेब निवडून आले.

या कारणाने बाळूंना आपल्या इतिहासातून वगळून टाकण्याची चूक करू नये. त्यांना डोक्यावर घेऊन हा भाग झाकण्याचीही गरज नाही. प्रश्न समजून घ्यायला हवा. एका माणसाला त्याच्या कौशल्यामुळे वरच्या वर्तुळात थोडी जागा मिळते. ती जागा देणारेच पुढे त्याला त्याच्या समाजाच्या चळवळीसमोर उभे करतात. प्रस्थापितांची ही पद्धत आजही चालू आहे. म्हणून एक खेळाडू मोठा झाला म्हणजे समाज मोठा झाला, असे होत नाही. बाबासाहेबांचा भर व्यक्तीला मिळणाऱ्या कौतुकापेक्षा सर्वांना मिळणाऱ्या हक्कावर होता. क्रीडा शिक्षणातही भर तिथेच हवा. आपल्या वस्तीतून एखादा स्टार निघावा यापेक्षा वस्तीतले प्रत्येक मूल अपमान न होता खेळावे, हे उद्दिष्ट मोठे आहे.

दूरचा वंशद्वेष दिसतो, घरातली जात दिसत नाही

आता अलीकडच्या घटना पाहू. जानेवारी 2021 मध्ये सिडनीच्या मैदानावर मोहम्मद सिराजला प्रेक्षकांकडून अपमानास्पद बोलणे ऐकावे लागले. भारतीय संघाने पंचांकडे तक्रार केली, सामना थांबला, काही प्रेक्षकांना स्टँडमधून बाहेर काढले गेले. सारा देश संतापला आणि ते योग्यच होते.

त्याच वर्षी 31 जुलैला टोकियो ऑलिंपिकमध्ये वंदना कटारियाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. चारच दिवसांनी, 4 ऑगस्टला, भारत उपांत्य सामना अर्जेंटिनाकडून हरला आणि हरिद्वारजवळच्या रोशनाबाद गावात तिच्या घरासमोर काही जणांनी फटाके फोडले. संघात दलित मुली जास्त झाल्या म्हणून हरलो, अशी जातीवाचक शिवीगाळ केल्याची तक्रार कुटुंबाने पोलिसांत दिली. पराभव संघाचा होता, शिक्षा एका मुलीच्या जातीला.

ऑक्टोबर 2021 मध्ये दुबईत पाकिस्तानविरुद्धच्या विश्वचषक सामन्याआधी भारतीय क्रिकेट संघाने कृष्णवर्णीयांच्या लढ्याला पाठिंबा म्हणून मैदानावर गुडघा टेकला. या कृतीचे स्वागतच करायला हवे. पण तो सामना हरल्यावर त्याच रात्री मोहम्मद शमीला त्याच्या धर्मावरून शिव्या पडू लागल्या. काही दिवसांनी कर्णधार विराट कोहलीने त्याची स्पष्ट शब्दांत बाजू घेतली, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. मात्र अडीच महिन्यांपूर्वी वंदनाच्या घरासमोर जे झाले, त्यासाठी कुणीही गुडघा टेकला नव्हता.

2020 साली इन्स्टाग्रामवरच्या एका गप्पांत युवराज सिंगने सहकारी खेळाडूची थट्टा करताना एका अनुसूचित जातीचे नाव शिवीसारखे वापरले. टीका झाल्यावर त्याने खेद व्यक्त केला. पुढे हरियाणात अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला, अटक झाली आणि लगेच जामिनावर सुटका झाली. त्याच वर्षी वेस्ट इंडीजच्या डॅरेन सॅमीने सांगितले की, आयपीएलमध्ये खेळताना त्याला 'काळू' म्हटले जात होते आणि त्याचा अर्थ त्याला खूप नंतर कळला. तो ते प्रेमाचे नाव समजत होता.

या दोन्ही प्रकरणांत बचाव एकच होता: मस्करी होती. ज्याच्या जातीचे नाव शिवी झाले आहे त्याला विचारा, ही मस्करी कशी लागते. शिवीतून जात शिकवली जाते. दहा वर्षांचा मुलगा मनुस्मृती वाचून जात शिकत नाही. मैदानावर मोठ्या मुलांच्या तोंडी जे ऐकतो, त्यातून शिकतो.

लाल कार्ड दाखवणारी चळवळ

इंग्लंडमध्ये 1990 च्या दशकात न्यूकॅसल संघाचा गोलरक्षक शाका हिस्लॉप एका पेट्रोल पंपावर थांबला होता. रस्त्यापलीकडच्या तरुणांच्या टोळक्याने त्याला वर्णद्वेषी शिव्या दिल्या. मग त्यातल्या एकाने त्याला ओळखले आणि तीच मुले सही मागायला आली. हिस्लॉपच्या लक्षात आले की खेळाडू म्हणून आपल्याला मान आहे, काळा माणूस म्हणून नाही. यातूनच 1996 साली 'शो रेसिझम द रेड कार्ड' ही शैक्षणिक संस्था उभी राहिली. फुटबॉल खेळाडू शाळांमध्ये जातात, मुलांशी बोलतात, कार्यशाळा घेतात. फुटबॉलमधले लाल कार्ड मुलांना माहीत असते, त्याचाच वापर वंशद्वेष ओळखायला आणि थांबवायला केला जातो.

हिस्लॉपचा अनुभव आणि बाळूंचा अनुभव यांत शंभर वर्षांचे अंतर आहे, पण गाभा एकच. सही हवी, माणूस नको. चेंडू हवा, कप नको.

वर्णद्वेषाविरुद्धच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. बाबासाहेबांनी 1946 साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याकडे लक्ष वेधले होते. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचे नावच अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले. पण एक फरक ध्यानात ठेवायला हवा. वर्ण डोळ्यांना दिसतो, जात दिसत नाही. म्हणून आपल्याकडे ती विचारून काढली जाते. 'पूर्ण नाव काय?' 'राहायला कुठे?' 'गाव कुठले?' घाटकोपरमध्ये 'रमाबाई' एवढे म्हटले तरी समोरच्याला जे समजायचे ते समजते. पवईच्या आयआयटीमध्ये फेब्रुवारी 2023 मध्ये दर्शन सोळंकी या दलित विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. त्यानंतर त्याच वर्षी संस्थेने विद्यार्थ्यांना सूचना दिल्या, त्यांत एकमेकांना प्रवेश परीक्षेतील रँक विचारू नये, असेही होते. कारण रँक विचारणे हा जात विचारण्याचाच सभ्य मार्ग झाला होता. मैदानावर आडनाव विचारणे हे त्याचेच धाकटे भावंड आहे. म्हणून परदेशी अभ्यासक्रम जसाच्या तसा उचलून भागणार नाही. जात कशी विचारली जाते, कशी लपवली जाते, कशी हसण्यावारी नेली जाते, हे आपल्या मुलांना आपल्याच उदाहरणांतून शिकवावे लागेल.

मुंबईतलाच एक धडा

असे शिक्षण मुंबईत अशक्य आहे, असे कुणी म्हणू नये. 2010 च्या सुमारास मुंबईत 'परिवर्तन' नावाचा उपक्रम झाला. त्यात शाळांच्या क्रिकेट प्रशिक्षकांना आणि गोवंडीच्या शिवाजी नगरसारख्या वस्तीतल्या तरुण मार्गदर्शकांना तयार केले गेले. विषय होता मुलींचा आदर आणि स्त्रियांवरील हिंसेला विरोध. सरावाच्या वेळीच प्रशिक्षक मुलांशी ठरलेल्या विषयावर थोडा वेळ बोलत. भाषणबाजी नाही, वेगळा वर्ग नाही. पुढे मुलींसाठी कबड्डीच्या माध्यमातून असाच उपक्रम शिवाजी नगरात चालवला गेला.

या उपक्रमाचा अभ्यासही झाला. मुलांच्या विचारांत बदल दिसलाच, शिवाय मित्राने मुलीचा अपमान केला की सोबत हसण्याचे प्रमाण कमी होताना दिसले. ही छोटी गोष्ट वाटते, पण सगळ्यात महत्त्वाची हीच आहे. जातीवाचक टोमणा एक जण मारतो. त्याला बळ मिळते ते हसणाऱ्या दहा जणांमुळे. टोमणा मारणाऱ्याला बदलणे कठीण असेल, पण हसणाऱ्या दहांना थांबवता येते. जो विषय लिंगभावावर जमला, तो जातीवरही जमू शकतो. गोवंडी घाटकोपरपासून काही मिनिटांच्या अंतरावर आहे.

नागपुरात विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलकडे वळवले, त्यावर आधारित नागराज मंजुळे यांचा 'झुंड' 2022 साली आला. त्यात आंबेडकर जयंतीचा प्रसंग आणि बाबासाहेबांची तसबीर पडद्यावर पाहून आपल्यापैकी अनेकांचे डोळे भरून आले. त्याच चित्रपटातली वस्ती आणि मैदान यांच्यामधली भिंतही आठवावी. मुलांच्या पायात कौशल्य आधीपासून होते. त्यांच्याकडे नव्हते ते आत जायचे दार.

आपल्या स्पर्धेत काय बदलता येईल?

सरकारने धोरण आणावे, क्रिकेट मंडळाने नियम करावेत, ही मागणी चालूच ठेवावी. रामदास आठवले यांनी 2017 साली क्रिकेटमध्ये आरक्षणाची मागणी केली, तेव्हा तिची टिंगल झाली. त्याआधी एकच वर्ष, 2016 साली, दक्षिण आफ्रिकेने राष्ट्रीय संघात हंगामाच्या सरासरीने किमान सहा कृष्णवर्णीय आणि मिश्रवर्णीय खेळाडू असावेत, असे लक्ष्य ठरवले होते. त्यावर वाद झाले, पण तिथे निदान प्रश्न टेबलावर आला. आपल्याकडे तो हसण्यावारी जातो. ती लढाई मोठी आहे. पण जयंतीची स्पर्धा आपल्या हातात आहे. ती भरवणारे मंडळ आपले, अंपायर आपले, माइक आपला. पुढच्या स्पर्धेपासून या गोष्टी करता येतील.

पहिली, शिवीचा नियम. जात, धर्म, रंग, प्रांत किंवा आईबहीण यांवरून शिवी दिली तर पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा तो खेळाडू सामन्याबाहेर. नियम प्रवेशपत्रिकेवर छापावा, टॉसच्या वेळी दोन्ही कर्णधारांकडून वदवून घ्यावा आणि आपल्या मंडळाच्या संघालाही तितक्याच कडकपणे लावावा. पंचशीलातले चौथे शील वाणीबद्दल आहे. ते उद्घाटनाला म्हणायचे आणि पहिल्या षटकात मोडायचे, असे चालणार नाही.

दुसरी, समालोचन. आपल्या स्पर्धेतला समालोचक हा खरा शिक्षक असतो, कारण दिवसभर त्याचाच आवाज वस्तीत घुमतो. तो एखाद्या मुलाच्या रंगावरून वा अंगावरून विनोद करतो, तेव्हा सगळी वस्ती ते शिकते. त्याच माइकवरून दोन सामन्यांच्या मध्ये पाच मिनिटे पळवणकर बंधूंची, वंदनाची, हिस्लॉपची गोष्ट सांगता येईल.

तिसरी, पाणी. सगळ्या संघांसाठी एकच पाण्याची जागा ठेवावी आणि ती का, हे मुलांना सांगावे. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी काय झाले, हे मैदानावर घामाघूम झालेल्या मुलाला वर्गात बसलेल्या मुलापेक्षा लवकर कळते. बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत सहल नेली तर तिथली पाण्याची टाकी दाखवावी. ही पाण्याची पोढी दान दिल्याचे लेख तिथे कोरलेले आहेत. येणाऱ्याला पाणी देणे हा आपला वारसा आहे, पाणी नाकारणे हा दुसऱ्यांचा.

चौथी, संघांची रचना. एका गल्लीचा, एका जातीचा संघ असेल तर स्पर्धा जातीची होते. निदान एक स्पर्धा चिठ्ठ्या टाकून संघ बनवून खेळावी. त्यात शेजारच्या वस्तीतल्या मातंग, चर्मकार, मुस्लिम, उत्तर भारतीय, आदिवासी मुलांना घ्यावे. कर्णधारपद फिरते ठेवावे, म्हणजे प्रत्येकाला नेतृत्व करायला आणि दुसऱ्याचे नेतृत्व मानायला शिकता येईल. पळवणकरांना नाकारले गेले ते नेमके हेच होते.

पाचवी, मुली. मुलींचा एक प्रदर्शनीय सामना भरवून फोटो काढणे म्हणजे समता नव्हे. सरावाची वेळ, मैदानाचा अर्धा भाग आणि बक्षिसाची रक्कम मुलांइतकीच हवी. सावित्रीमाई आणि रमाईचे नाव घेणाऱ्यांना हे सांगावे लागू नये.

सहावी, कायदा. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 चा आहे आणि 2015 च्या दुरुस्तीने तो अधिक व्यापक झाला. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा, त्या प्रवर्गात नसलेल्या माणसाने लोकांसमोर जाणूनबुजून केलेला अपमान आणि जातीवाचक शिवीगाळ हा त्यात गुन्हा आहे. मुलांना याची माहिती असावी. हात उचलण्याआधी साक्षीदार कोण, व्हिडिओ कुणाकडे, तक्रार कुठे, हे सुचले पाहिजे. हाणामारी झाली की गुन्हा आपल्याच मुलांवर दाखल होतो आणि मूळ अपमान कागदावर येतच नाही, हा अनुभव नवा नाही.

यात आपल्यालाही आरशात पाहावे लागेल. आपल्या वस्तीतही रंगावरून नावे पाडली जातात, दुसऱ्या जातींवर विनोद होतात, परप्रांतीय मुलाला 'तिकडे जा' म्हटले जाते. ज्याने अपमान सोसला त्याला दुसऱ्याच्या अपमानाचा परवाना मिळत नाही. बुद्धाने मैत्री शिकवली, ती फक्त आपल्या गल्लीपुरती नव्हती.

मैदान वाचले तर शिक्षण वाचेल

आणि शेवटचा, पण पायाचा मुद्दा. हे सगळे करायचे कुठे? मुंबईत माणशी मोकळी जागा जेमतेम सव्वा चौरस मीटरच्या आसपास असल्याचे सांगितले जाते. उपनगरात मैदाने कमी होत चालली आहेत आणि तासावर भाड्याने मिळणारे टर्फ वाढत आहेत. टर्फवर जात विचारत नाहीत, पैसे विचारतात. वस्तीतल्या मुलासाठी परिणाम तोच होतो.

रमाबाई नगरात एमएमआरडीए आणि एसआरए यांच्यामार्फत मोठा पुनर्विकास होऊ घातला आहे. हजारो कुटुंबांना पक्की घरे मिळावीत, ही आपली जुनी आणि हक्काची मागणी आहे. पण घरांसोबत मैदान मिळणार का, हा प्रश्न आजच विचारायला हवा. मोकळ्या जागेसाठी राखीव असलेल्या भूखंडावर झोपडपट्टी असेल, तर त्यावर पुनर्वसनाच्या इमारती बांधून किमान 35 टक्के जागा मोकळी ठेवावी, असा नियम आहे. जून 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो वैध ठरवला आणि ही मोकळी जागा प्रत्यक्षात राहावी यासाठी निर्देशही दिले. काही लोक मोकळ्या जागेचे नाव पुढे करून झोपडीवासीयांना हाकलू पाहतात, त्यांच्या बाजूला आपण उभे राहू शकत नाही. घर की मैदान, असा पेचच मुळात खोटा आहे. आपल्याला घरही हवे आणि मैदानही. ते 35 टक्के नकाशात कुठे आहेत, ती जागा सलग आहे की इमारतींमधल्या पट्ट्यांत वाटली आहे, तिथे कुलूप कुणाचे असेल, हे प्रत्येक गृहनिर्माण संस्थेच्या सभेत विचारा. पोडियमवर 'येथे क्रिकेट खेळण्यास मनाई आहे' अशी पाटी लागली, तर आपल्या मुलांनी जायचे कुठे?

याच रमाबाई नगरात 11 जुलै 1997 ला बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर झालेल्या गोळीबारात 10 भीमसैनिक शहीद झाले. ते पाहून व्यथित झालेल्या लोकशाहीर विलास घोगरे यांनी चार दिवसांनी मुलुंडमधल्या आपल्या घरी मृत्यूला कवटाळले. त्या जखमेनंतर जन्मलेली पिढी आज पंचविशीत आहे. तीच आज स्पर्धा भरवते, संघ बांधते, धाकट्यांना बॅट धरायला शिकवते. अपमान झाला तर काय करायचे, हे या पिढीने पुढच्या पिढीला शिकवायचे आहे. गप्प बसणे नाही, अविचाराने हात उचलणे नाही. विठ्ठल आणि शिवराम यांनी केले ते: संघटितपणे नकार देणे, जाहीर जाब विचारणे आणि हक्क मिळेपर्यंत मागे न हटणे.

पुढच्या जयंतीच्या स्पर्धेची बैठक होईल, तेव्हा चषक किती फुटांचा आणायचा यावर चर्चा होईलच. त्याच बैठकीत शिवीचा नियम, फिरते कर्णधारपद आणि मुलींच्या सरावाची वेळ हे तीन विषय लिहून न्या आणि मंजूर करून घ्या. चषकावर बाबासाहेबांचे नाव आहे, तर मैदानावर त्यांचा विचारही दिसला पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!